मागची दोन चाकं

पत्र्याच्या शेडमध्ये उणे एकोणीस.
लाकडाची शेगडी स्वतःपुरतीच तापलेली.
स्टँडवर चढवलेली बाबांची व्होल्वो,
सत्त्याऐंशी सालची, चौकोनी, वाळूच्या रंगाची,
आणि तिच्या पोटाखाली मी, केर्त्तू,
दिवसा सुओमुस्साल्मीच्या शाळेची बस चालवणारी.

डावं चाक हाताने पुढे फिरवलं
की उजवं मागे फिरतं.
उघड्या डिफरन्शियलची हीच खूण.
एक हो म्हणालं की दुसरं लगेच नाही.
जेवणाच्या टेबलावर आम्ही असेच होतो,
मी आणि एन्सिओ.

गावात सगळे सांगतात,
हे यंत्र घसरणाऱ्यालाच सगळं देतं.
मीही तेच सांगत आले
बाबांबद्दल.
राइमोने तोंडातली काडी काढली.
'चूक. जोर ते दोघांना सारखाच देतं.
पण बर्फावरचं चाक जेवढा पेलेल
तेवढाच. चांगल्या जमिनीवरच्याला
त्याहून चिमूटभर जास्त मिळत नाही.
घसरणाऱ्याच्या वाट्याला येतं ते नुसतं गरगर फिरणं.'

मी पान्याचं ग्रीस पुसत राहिले,
पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

वेल्डिंग करून टाक, फुकटात होईल, तार्मो म्हणतो.
म्हणजे दोन्ही चाकं जन्माची डकवलेली:
सरळ रस्त्यावर दृष्ट लागावी अशी जोडी,
आणि दुकानासमोर वळताना
टायर किंचाळतात, अख्खा चौक बघतो.
माझं पहिलं लग्न असंच होतं. नको.

तिरप्या दातांचं घे, नवंकोरं, नऊशे युरो.
कुरकुर नाही, झीज नाही, मुकाट समजून घेतं,
ज्याचे पाय जमिनीवर त्याला अडीच-तीन पट देतं.
पण एक चाक अधांतरी गेलं
की शून्याची कितीही पट, शून्यच.
आणि आमच्या तळ्यावरची वाट फेब्रुवारीत
इतकी खणली जाते
की कुणीतरी अधांतरी असतंच.

राहिलं क्लच प्लेट्सचं.
युलिविएस्काच्या भंगारवाल्याकडे,
जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, चारशे वीस.
त्याला वेगळं तेल लागतं,
नाहीतर थंडीत दातओठ खातं.
दर दोन हिवाळ्यांनी उघडून बघावं लागतं.
झिजतं.
झिजणाऱ्या वस्तू मला कळतात.
पैसे मोजताना भंगारवाल्याने वीस परत केले,
वर एक गोठलेली दालचिनीची पोळी दिली.

मग दहा रात्री.
अ‍ॅक्सलचे दात दोनदा मोजले, दोनदा वेगळे आले.
क्राउनला पिवळा रंग लावून ठसा पाहिला,
पातळ चकती काढली, पुन्हा घातली.
शेवटी राइमोने विचारलं, 'घट्ट किती ठेवायचं?'
फार घट्ट ठेवलं
तर गाडी वळायचंच विसरते,
नाक खुपसते समोरच्या बर्फात.
फार सैल ठेवलं तर एवढा खटाटोप कशाला.
मी एक आकडा सांगितला.
त्याने तो दारावर खडूने लिहिला, काही बोलला नाही.

शनिवारी तळ्यावर
डावं चाक आरशासारख्या बर्फावर, उजवं भुसभुशीत हिमात.
क्लच सोडला. खालून कट्‌कट् झालं,
कुणी घसा खाकरावा तसं,
आणि गाडी निघाली.

तिसऱ्या वळणाला मी तरीही रुतले.
दोष यंत्राचा नव्हता.

ओउलूहून एन्सिओ आला होता, शहरी बुटांत,
गाडीच्या अर्ध्या हिश्श्याच्या कागदावर सही करायला.
जंगलाचा त्याचा अर्धा भाग
एका वर्षात विकून संपलेला.
खाली वाकून त्याने मागे पाहिलं,
काचेवर बोटाने टिचकी मारली.
'बाबांनी याहून सैल ठेवलं असतं.'
'माहीत आहे.'

फावडं एकच होतं.
आधी त्याने घेतलं.